माडाला बांधलेली घरं

बावखोल वाडीत प्रत्येक घराच्या खांबाला काथ्याचा दोर असतो आणि त्याचं दुसरं टोक अंगणातल्या माडाला बांधलेलं असतं. पाहुणे विचारतात, "घरं काय गुरं आहेत, पळून जायला?" वाडीतले म्हातारे झिलू तांडेल त्यांना पोटभर हसू देतात. मग म्हणतात, "झालं हसून? आता ऐका."

फार पूर्वी या किनाऱ्यानं होड्यांतच राहणारे लोक फिरत असत म्हणे. जन्म होडीत, चूल होडीत, मरणही तिथंच. जमिनीवर उतरायचं ते पाण्यापुरतं, सरपणापुरतं. आणि उतरण्याआधी होडी बांधायची, हे त्यांच्या पोरांना बोलायला येण्याआधी कळे.

त्यांच्यातल्या सायजाची दोन पोरं समुद्रानं नेली. तिसरी तानीही पाण्यात पडली, तेव्हा सायजानं पदर पसरला. "एवढी सोड रे बाबा! ही जन्मभर होडीतच निजेल." लाटेनं तानीला परत आणून दिलं.

पण सायजाच्या जिवाला घोर लागला तो लागलाच. शेवटी तिनं शक्कल काढली. होडी इथं वर ओढली आणि तिच्याच फळ्यांचं घर उभं केलं. पोर होडीतच निजते की! मग नवस मोडला कुठं?

त्यांचा वडीलधारा देवजी नाखवा म्हणाला, "सायजे, लबाडी कुणाशी करतेस ते बघ गो."

"माझी पोर जगू दे, नाखवा. मग माझं काय व्हायचं ते होवो."

बाकीच्या होड्या पुढं निघून गेल्या.

मग दर अमावस्येला भरती थोडी थोडी वर येऊ लागली, असं सांगतात. एकदा तर दारापर्यंत आली, थांबली आणि मागं फिरली. सायजाला हायसं वाटलं. ही होडीच आहे हे समुद्राला पटलं, असं ती समजली.

आश्विनातल्या अमावस्येला भर दुपारी तानीला निजवून ती विहिरीवर गेली. परतली तर अंगणात कमरेएवढं पाणी. घर मोडलं नव्हतं. छपरासकट तरंगत, संथपणे ते पश्चिमेला चाललं होतं. खिडकीतून तानी हात हलवत होती. "आये, होडी चालली!"

सायजा धावली, पण पाणी गळ्याशी आलं. होडीचा दोर अंगणातल्या माडाच्या बुंध्याशी तसाच गुंडाळून ठेवलेला होता. समुद्राला सायजा 'ही होडीच' असं सांगत राहिली आणि स्वतः मात्र घर समजून ती न बांधता गेली.

पुढं इथं वाडी वसली, तेव्हा मरेपर्यंत ती दारोदार दोर वळून देत राहिली म्हणे.

आजही बावखोलची बाई विहिरीवर निघाली की आधी गाठ ओढून बघते. आता घरं चिऱ्याची आहेत, ती तरंगायची नाहीत, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही अमावस्येच्या दुपारी, वारा पडलेला असताना, दोर ताठ होतात.