प्रधान लिसार्दोची तसबीर

समुद्रापलीकडल्या स्पेन देशी, एका राज्यात, लिसार्दो नावाचा प्रधान होता. देह पहाडासारखा, अंगात काळा झगा, कमरेला सोन्याची किल्ली. राजाने हुकूम काढावा आणि प्रधानाने तो तडीस न्यावा, अशी तिथली रीत.

एके दिवशी तोर्काल जादूगाराने राज्याची नदी मागितली. प्रधान म्हणाला, "नदी प्रजेची आहे. मिळणार नाही."

तोर्कालने शाप दिला, "आजपासून तुझा चेहरा कुणाला दिसणार नाही. जो तुझा झगा घालील, तोच प्रधान ठरेल."

झगा आणि किल्ली हिरावून तो स्वतःच दरबारात जाऊन बसला. त्याने नदी कोंडली. विहिरी आटल्या, गुरे हंबरू लागली. खऱ्या प्रधानाला पहारेकऱ्यांनी वेशीबाहेर काढले.

वेशीबाहेर ब्रियांदा नावाची चित्रकर्ती राहत असे. दारात आलेल्या माणसाच्या खांद्यांवर नुसते धुके होते, पण आवाज तिने ओळखला. तिची साळुंकी बोलली, "ह्यांची खरी तसबीर राजाने पाहिली, तर शाप सुटेल. तिला तीन रंग लागतील: काळा रंग नागाच्या गुहेत, पांढरा हंसाच्या सरोवरात, तांबडा अग्निबागेच्या डाळिंबात."

"जो चेहरा दिसत नाही, तो काढू कसा?" ब्रियांदाने विचारले.

"सोबत जा," साळुंकी म्हणाली.

दोघे निघाले. गुहेत नागाने प्रधानाला विळखा घातला. "ती बाई मला दे, तुला सोडतो."

"तिला काजळी घेऊन जाऊ दे. मी इथेच थांबतो," प्रधान म्हणाला.

विळखा सैल झाला. धुक्यातून ब्रियांदाला रुंद कपाळ दिसले.

सरोवरावर हंस म्हणाला, "शुभ्र पीस हवे, तर तारुण्य दे."

"घे."

त्याच क्षणी प्रधानाचे केस पांढरे झाले. ब्रियांदाला घट्ट मिटलेले ओठ दिसले.

अग्निबागेची राखण एक विधवा करीत होती. प्रधानाने डाळिंब मागताच तिनेही आवाज ओळखला. "तुमच्या हुकमाने माझा नवरा लढाईवर गेला, तो परतला नाही. त्याचे नावही तुम्हांला ठाऊक नसेल."

"गिल नावाडी," प्रधान म्हणाला. "पाय अधू होता, तरी मी पाठवला. बाई, मला क्षमा करा."

राजाखेरीज कुणापुढे न वाकलेला तो माणूस गुडघे टेकून बसला. बाई झाडापाशी गेली. मग तिने डाळिंब तोडून दिले.

"क्षमा जमणार नाही. पण लोकांना पाणी मिळाले पाहिजे."

तेव्हा ब्रियांदाला त्याचे डोळे दिसले. तिथेच बसून तिने तसबीर पुरी केली.

ती तसबीर घेऊन ब्रियांदा दरबारात गेली. प्रधान तिच्या मागे उभा राहिला. तिने वरचे कापड दूर केले. राजाने चित्र पाहिले, मग मागचा माणूस पाहिला, आणि सिंहासनावरून उतरला.

"लिसार्दो, तुमचे केस पांढरे झाले."

"तारुण्य सरोवरावरच्या हंसाला दिले, महाराज."

प्रधानाच्या आसनावर रिकामा झगा तेवढा उरला. तोर्काल कावळा होऊन खिडकीबाहेर उडाला, आणि नदी बांध फोडून शहराकडे धावली.

संध्याकाळी प्रधान तसबिरीपुढे उभा राहिला. "मी इतका थकलेला दिसतो?"

"दिसता," ब्रियांदा म्हणाली. "थोडा उजळ करू का?"

"नको. राहू द्या."

बाहेर फिर्यादी ताटकळत होते. प्रधानाने झगा चढवला आणि पहिल्याला आत बोलावले.