न ऐकलेला प्रश्न

फार वर्षांमागे डोंगरपायथ्याच्या एका गावात बांबूच्या टोपल्या विणणारी एक विधवा आणि तिचा तरणाताठा मुलगा राहत होते. तो बांबू चिरायचा, ती विणायची.

उतारवयात बाईला कमी ऐकू येऊ लागलं. पण तिने ते लेकाला कळू दिलं नाही. 'पोराच्या जिवाला कशाला घोर?' असं ती स्वतःलाच समजवायची. खरी भीती वेगळीच होती. बहिरी म्हातारी म्हणजे अडगळ, असं त्याला वाटलं तर? म्हणून कुणी काही बोललं की ती हसून मान डोलवायची.

एके दिवशी पाठमोरा बसून बांबू चिरता चिरता मुलगा म्हणाला, "आई, डोंगरापलीकडच्या गावी मला कामाला बोलावलंय. तिकडेच राहावं लागेल. तुला एकटीला करमणार नसेल, तर नाही जात. जाऊ का?"

मग त्याने वळून पाहिलं. काहीतरी विचारलंय, एवढं तिला उमगलं. 'काय म्हणालास?' हे शब्द तिच्या ओठांवर आले. पण सकाळपासून ते किती वेळा विचारायचं? ती हसली आणि म्हणाली, "हो रे, हो."

मुलाचा चेहरा उतरला. तिला तो दिसला, तरी ती गप्प राहिली. 'आईला माझी गरजच नाही,' असं वाटून तोही पुन्हा बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो पाया पडून निघाला. बाजाराला चाललाय असं समजून ती म्हणाली, "सांभाळून जा." संध्याकाळी ती दोघांच्या भाकऱ्या थापत बसली. शेजारीण आली आणि तिने मोठ्याने ओरडून खरं काय ते सांगितलं, तेव्हा तव्यावरची भाकरी तशीच करपून गेली.

'परत ये' असा निरोप धाडता आला असता. पण मग बहिरेपण कबूल करावं लागलं असतं. जाणाऱ्या-येणाऱ्याबरोबर ती एवढंच कळवी, "मी मजेत आहे." तिकडून उत्तर येई, "मीही मजेत."

अशी कितीतरी वर्षं सरली. मग गावचा एक वाटसरू मुलाला भेटला आणि बोलता बोलता आईच्या बहिरेपणाचं सांगून गेला. मुलगा होता तसा घराकडे धावला.

म्हातारीने त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. त्याचेही केस पिकले होते.

"त्या दिवशी मला ऐकूच आलं नव्हतं रे," ती रडत म्हणाली. "काय विचारलं होतंस?"

त्याने सांगितलं. मग ओरडून सांगितलं. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आता तिला काहीच ऐकू येत नव्हतं.

तात्पर्य: आपल्या माणसाला घोर नको म्हणून झाकलेलं दुखणं त्याला दुराव्यासारखं दिसतं. म्हणून ज्याचं दुखतं त्याने वेळेवर सांगावं, आणि ज्याला विचारायचं आहे त्याने समोर बसून पुन्हा एकदा विचारावं.