बिनशेपटीचा जंतू

"शेपटीच नाही, तर मग पोहतो कशाने?"

आमच्या गाइड ओगलेबाईंनी अभिरामला विचारलं. अभिराम म्हणजे आमच्या प्रयोगशाळेतला सगळ्यात हुशार विद्यार्थी. निदान तो तरी तसंच सांगायचा.

जुलाब लावणारे दोन जंतू, सख्खे भाऊच म्हणा ना. त्यांच्या शेपट्यांची तुलना हा त्याचा प्रबंध. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली एकाला शेपटी दिसली, दुसऱ्याला नाही. गडी खूश! नवा शोध म्हणून वर्षभर मिरवत होता. आणि आज परीक्षकांचं पत्र आलं: दुसराही साध्या मायक्रोस्कोपखाली सुळसुळ पोहतो, खुलासा करा, नाहीतर प्रबंध परत.

"बाई, दोनशे फोटो काढलेत. एकातही शेपटी नाही." त्याने पत्र टेबलावर टाकलं. "चार वर्षं पाण्यात जाणार माझी."

"माझ्यासमोर नमुना तयार कर."

त्याने दुसऱ्या जंतूची नळी गदगदा हलवायच्या मशीनवर धरली. घर्रर्र... पुन्हा घर्रर्र...

बाईंनी नळी त्याच्या हातातून काढून घेतली. तळहातावर आडवी ठेवली आणि तान्ह्या पोराला जोजवावं तशी कलती केली. एकदा... दोनदा.

"एवढ्याने काय मिसळणार, बाई?"

बाईंनी त्यातला एक थेंब उचलला.

टिकलीएवढ्या जाळीवर ठेवला, सुकवला, जाळी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये सरकवली. पडद्यावर जंतू उमटला. दोन्ही टोकांना एकेक लांब, नागमोडी शेपटी.

"आई गं!" अभिराम मटकन स्टुलावर बसला. "म्हणजे ह्याच्या नाजूक होत्या... आणि मीच तोडत होतो?"

बाईंनी मान डोलावली.

मग तो हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खरं सांगतो, शेजारच्या टेबलावर मलाही हुश्श झालं. एका भावाला एकच शेपटी, चिवट. दुसऱ्याला दोन, आणि ठिसूळ. तुलना करायला आता कुठे काहीतरी हाताला लागलं होतं. प्रबंध वाचला म्हणायचा.

"ते दोनशे फोटो आत्ताच्या आत्ता पुसून टाकतो, बाई."

"एक ठेव. पहिल्या पानावर छाप."

"पहिल्या पानावर? लोक हसतील हो! आणि फोटोखाली लिहू काय?"

बाई चष्मा पुसत होत्या.

"लिही... हे मी केलं."