कोठाराचं दार आणि महाखवल्याची एन्ट्री

डोंगरांच्या कुशीत एक जंगल होतं. जंगलाला राजा होता, राजाला प्रधान होता, प्रधानाला पुष्कळ कामं होती, आणि दर पाच पावसाळ्यांनी निवडणूक होती. म्हणजे तशी कशाची वाण नव्हती.

जंगलाच्या मधोमध सगळ्यांचं मिळून एक कोठार होतं. पाऊस सरला की ज्याला जे गवसेल ते त्यानं तिथं आणून टाकायचं. मोह, नाचणी, वरई, मक्याची कणसं. उन्हाळ्यात ओढा आटला, रान करपलं, की तेच सगळ्यांनी वाटून खायचं. उन्हाळा निघायचा तो या कोठारावर. दुसरं काही नव्हतं.

आणि करमणुकीला महाखवल्या होता.

महाखवल्या हा चित्रातला वीर, जातीनं खवल्या मांजर. भामाताई नावाची एक शेकरू सागाच्या मोठाल्या पानांत दातांनी त्याचे आकार कापायची. ती पानं काजव्यांच्या उजेडापुढून भरभर सरकवली की समोरच्या कातळावर उजेडाचा खवल्या चालायला लागायचा. एरवी तो अगदी साधा होता. मान खाली घालून मुंग्या वेचणारा, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. पण कोठारावर कुणी डल्ला मारला की तो अंगाचा चेंडू करायचा, उतारावरून गडगडत यायचा आणि चोराला असा आपटायचा की ससेसुद्धा आरोळ्या ठोकायचे.

प्रत्येक भागाचा शेवट मात्र ठरलेला होता. मारामारी संपली की खवल्या कोठाराचं दार उघडायचा, राशीत हात खुपसून बघायचा, "आहे, सगळं आहे" म्हणायचा आणि दार लोटून घ्यायचा. मग प्रेक्षकही उठायचे, खऱ्या कोठारापाशी जायचे, राशीत आपापला पंजा, खूर किंवा सोंड घालायचे आणि "आहे, सगळं आहे" म्हणून घरी जायचे. आरती झाल्यावर प्रसाद घेतल्याशिवाय कुणी उठत नाही, तसं ते होतं. याला तपासणी म्हणतात हे कुणाच्या डोक्यातही आलेलं नव्हतं.

एका संध्याकाळी असेच सगळे राशीत हात घालायला गेले, तर राशीला भलं मोठं भगदाड. भगदाड सुळ्यांच्या मापाचं होतं आणि तेव्हाचा राजा रानडुक्कर होता. त्याला डोंगरापर्यंत पळवत नेलं. मग निवडणूक झाली आणि अस्वलराव निवडून आले.

अस्वलराव हुशार होते. डुकराला कुणी पाडलं हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. प्रजेनं नव्हे, विरोधकांनी तर नव्हेच. एका कार्टूननं पाडलं.

"मालिका बंद करून टाकू," प्रधान चपळराव मुंगूस म्हणाला.

"छे छे," अस्वलराव म्हणाले. "बंद केलेली गोष्ट लोक विसरत नाहीत. आपण नवी काढू. मोठी काढू. आणि चाहत्यांना विचारून काढू."

दवंडी पिटली. तुमचा वीर, तुमची मागणी! सगळं जंगल कातळापाशी जमलं. अस्वलराव खडकावर उभे राहिले, दोन्ही हात जोडले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. ते काहीच बोलत नाहीत हे पाहून मागच्या रांगेत काहींना रडू आलं.

"माझ्या चाहत्यांनो," ते म्हणाले. "चुकलो. खवल्याच्या चाहत्यांनो! आजवरच्या राजांनी तुम्हाला काय दाखवलं? जे त्यांना दाखवायचं होतं ते. मी काय दाखवणार? जे तुम्हाला बघायचंय ते! मी राजा नाही. मी तुमच्यातलाच एक प्रेक्षक आहे. फक्त जरा उंच जागी बसलोय."

टाळ्या थांबेनात. खालून हळूच कुणीतरी "पण ओढ्याचं काय?" म्हणालं. त्याला शेजाऱ्यांनीच गप्प केलं, कारण विषय मालिकेचा होता.

पहिला उठला वानर उडाणराव, निष्ठावंत चाहता मंडळाचा अध्यक्ष. "आमची एकच मागणी आहे. एन्ट्री! जुन्या मालिकेत खवल्या एकदाच यायचा, तेही अर्धा भाग झाल्यावर, तेही उतारावरून गडगडत. ही काय वीराची यायची तऱ्हा झाली? वारा पाहिजे, धूळ पाहिजे, ढोल पाहिजे!"

"दिली," चपळराव म्हणाला.

मोर म्हणाला, खवल्याला पिसारा हवा. सांबर म्हणालं, उंची वाढवा, आमच्या पोरांना आदर्शाकडं मान वर करून बघता आलं पाहिजे. खुद्द जंगलातली खरी खवल्यांची जोडी एका कोपऱ्यात बसली होती. तिला कुणी काही विचारलं नाही. ती चाहत्यांत मोडत नव्हती.

मग खलनायकाचा प्रश्न आला. कोल्हे म्हणाले, मागच्या मालिकेत चोराचं शेपूट झुपकेदार होतं, आमचा समाज बदनाम झाला. "भावना दुखावल्या? काढलं," चपळराव म्हणाला. कावळे म्हणाले, चोर काळा नको. काढला. घोरपडी म्हणाल्या, त्याची जीभ लांब नको. काढली. असं होता होता चोराला ना रंग उरला ना शेपूट, ना तोंड ना पाय. मग चपळरावानं सुचवलं की चोर डोंगरापलीकडचा असावा. हे सगळ्यांना एकदम पटलं. डोंगरापलीकडे कुणीच कधी गेलेलं नव्हतं, त्यामुळे तिथलं कुणी दुखावण्याचा प्रश्न नव्हता.

शेवटी एक तरुण ससा उठला. "आणि ते दार उघडणं, राशीत हात घालणं, ते बंद करा राव. एवढी फायटिंग झाल्यावर धान्य काय बघायचं? पार झोप येते."

यावर सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. अस्वलरावांनी तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात मागून काटे खुळखुळले. पारूबाई साळिंदर उठून उभी राहिली होती. डुकराच्या राज्यातल्या उन्हाळ्यात तिचा थोरला लेक भुकेनं गेला होता. आता तिला एक चिंगी तेवढी होती, आणि ती तिच्या पायाशी बसून सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होती.

"म्या बी चाहतीच हाय," पारूबाई म्हणाली. "पिसारा लावा, ढोल लावा, माजं काय म्हननं न्हाई. पर शेवटाला त्यानं दार तेवढं उघडावं. त्यानं उघडलं की आपुन उघडतो. न्हाईतर कोन उघडतंय?"

"जुनी चाहती!" कुणीतरी ओरडलं आणि हशा पिकला. "आजी, तुमच्या काळातलं तुमच्याजवळ ठेवा!" पारूबाई आजी नव्हती. भुकेनं वय जरा पुढं पळतं, इतकंच.

भामाताई शेकरूनं मात्र पानं कापायला नकार दिला. "दार नसेल तर ती खवल्याची गोष्टच नाही."

"ताई, कला स्वतंत्र आहे," चपळराव अगदी आदरानं म्हणाला. "फक्त पानं सरकारी आहेत."

भामाताईनं तरी एक प्रयत्न करून बघितला. पहिल्या भागाच्या शेवटी तिनं पापणी लवेल एवढा वेळ दार दाखवलं. त्याबरोबर अख्खा कातळ दणाणला. "रटाळ! रटाळ!" शेणगोळे आले, चिंचोके आले, एक सबंध फणस आला. राजाला बोटही उचलावं लागलं नाही. भामाताई फांदीवर जाऊन बसली आणि तिच्या जागी उडाणरावाच्या भाच्याची नेमणूक झाली. त्याला आकार कापता येत नसे, पण त्याचं खवल्यावर प्रेम होतं.

नवी मालिका तुफान चालली. पहिल्या भागात खवल्याची एन्ट्री झाली आणि भाग संपला. दुसऱ्यात तो दुसऱ्या बाजूनं आला. तिसऱ्यात तो येता येता थांबला, वळून बघितलं आणि पुन्हा आला. तेव्हा दोन माकडं फांदीवरून खाली पडली. चोर कधी दिसला नाही. तो डोंगरापलीकडे होता, त्यामुळे त्याची भीती रोज थोडी वाढत गेली.

मग चपळरावानं एक रहस्य घातलं. डोंगरापलीकडच्यानं म्हणे कोठारात काहीतरी लपवलं आहे. काय, ते अखेरच्या भागात कळणार. तोवर दार बंद. आणि चित्रातलं दार बंद आहे म्हटल्यावर खरं दार उघडं ठेवणं बरं दिसेना, म्हणून तिथं रानकुत्र्यांचा पहारा बसला.

पहाऱ्याची खरंतर गरज नव्हती. चाहतेच डोळ्यांत तेल घालून होते. कोठारासमोरून जाताना कुणाची नजर चुकून तिकडं गेली तर तो निष्ठावंत नाही असं ठरलं. मग खरे चाहते कोठाराकडं पाठ करून चालू लागले. त्याहून खरे होते ते डोळे मिटून चालू लागले, आणि विहिरीत पडले. त्यांचा सत्कार झाला. पावसाळ्यानंतर सगळ्यांनी धान्य आणलं तेही पाठमोरं होऊनच फटीतून आत ढकललं. आतून कुणीतरी ते ओढून घेत होतं, पण तो मालिकेचाच भाग असावा असं सगळ्यांना वाटलं.

उन्हाळा आला. ओढ्याची वाळू झाली. काही जण दबक्या आवाजात धान्याचं विचारू लागले, तेव्हा अस्वलराव कातळासमोर आले. ते अंगानं बरेच भरले होते. त्यांना दम लागत होता.

"मला भूक दिसत नाही का? दिसते! पण आज दार उघडलं तर डोंगरापलीकडचा जिंकला. तुम्हाला तो जिंकायला हवाय?"

"नाही!" प्रजा म्हणाली. त्यासाठी तिला दोनदा श्वास घ्यावा लागला.

चिंगीचे काटे गळू लागले होते. साळिंदराच्या पोरीचा एखादा काटा पडला तर काही बिघडत नाही, पण चिंगी जिथं बसे तिथं झुबका राही. तरी ती रोज दिवेलागणीला रांगत कातळापाशी जाई. "आई, खवल्या आला की दार उघडायला लावंल ना?"

पारूबाईनं तिला पोटाशी घेतलं. "न्हाई गं बाय. त्यो आता निस्ता येतो."

दुसऱ्या दिवशी तिनं बीळ उकरायला घेतलं. पहारा दाराला होता. जमिनीला कोण पहारा देणार? साळिंदराला हे एक काम येतं. ती कोठाराच्या बरोबर मधोमध वर निघाली. आत काही नव्हतं. मोहाचे चघळून टाकलेले देठ होते, कणसांची रिकामी बुरकुंडं होती, आणि भिंतीला पाठ घासून घासून चिकटलेले काळे, राठ केस होते.

ती धावत कातळापाशी आली. मालिका चालू होती. खवल्या येत होता. पारूबाई उजेडाच्या मधे उभी राहिली, आणि कातळावर खवल्याच्या जागी काटेरी सावली पडली.

"कोठार रिकामं हाय!" ती ओरडली. "आत एक दाना न्हाई! भितीला अस्वलाचं केस हायेत! म्या बघून आले!"

पानं सरकवणारी माकडं थांबली. उडाणराव वानर उठून उभा राहिला. अस्वलरावांचा चेहरा उतरला. चपळरावानं पळायची वाट बघून ठेवली.

"शेवट..." उडाणराव कसाबसा म्हणाला. "हिनं शेवट फोडला!"

आणि एकच आकांत झाला. "वर्षभर वाट बघितली आम्ही!" ससा हुंदके देत होता. सांबरानं कपाळ बडवून घेतलं. "आता बघण्यात काय मजा राहिली?" कुणी पारूबाईला ढकललं, कुणी चिंगीला. हिला डोंगरापलीकडच्यानं पाठवलं असणार, असंही निघालं. सगळ्यांच्या बरगड्या दिसत होत्या आणि सगळे तिच्यावर दात खात होते. मला ते आठवलं की अजून संताप येतो. पण त्या संध्याकाळी मीही मालिका बघायलाच बसलो होतो.

अस्वलरावांच्या जिवात जीव आला. ते खडकावर चढले.

"मी रागावलेलो नाही," ते म्हणाले. "मी दुखावलोय. माझ्यासाठी नाही, तुमच्यासाठी. पण चाहत्यांनो, एका फितूर साळिंदरामुळे तुमचा आनंद मी हिरावू देणार नाही. फुटलेला शेवट रद्द! आपण नवा शेवट लिहू. त्याला वेळ लागेल. तोवर दार बंदच राहील."

प्रजेच्या डोळ्यांत पाणी आलं. ओढ्यात नव्हतं, ते इथं होतं.

पारूबाईनं चिंगीला पाठीवर घेतलं आणि ती डोंगराच्या दिशेनं गेली. भामाताई शेकरू झाडाझाडांवरून तिच्यासोबत गेली, वाटेत उंबरं पाडत, आणि तिला पोचवून परत आली. चिंगी जगली. डोंगरापलीकडे कुणी चोर नव्हता. थोडी कंदमुळं होती, थोडं पाणी होतं. पण हे इकडं येऊन कुणाला सांगायची सोय नव्हती.

यथावकाश निवडणूक झाली. अस्वलराव पूर्वीपेक्षा मोठ्या मताधिक्यानं निवडून आले. मतदार पूर्वीपेक्षा कमी होते, ही गोष्ट वेगळी.

पारूबाईवर शेवट फोडल्याचा खटला अजून चालू आहे. कोठार खरोखरच रिकामं असल्याचं भामाताईनं तिच्या वतीनं कळवलं. न्यायमूर्ती घुबड यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. पण हे खरं की खोटं ते ठरवायचं तर न्यायालयाला कोठार उघडून बघावं लागेल, आणि न्यायमूर्तीही मालिका बघतात.