धाकटीच्या वाट्याचं पाणी

उंबरगडच्या राजानं बंधाऱ्याचं दार बंद केलं, आणि तेही ऐन गहू ओंबीवर आलेला असताना. कारण काय? तर राजाला दशांश अपूर्णांक येऊ लागले होते.

नव्या गणितशास्त्र्यांनी शिकवल्यापासून राजा दुसरं काही बोलेच ना. जेवताना भाकरी मागायचा, ती शून्य पूर्णांक पंचवीस शतांश. आचारी घामाघूम व्हायचा आणि शेवटी चतकोर वाढून मोकळा व्हायचा.

मग राजानं पाण्याची वाटणी काढली. बंधाऱ्याखाली दोन गावं, थोरली उंबरी आणि धाकटी उंबरी. शास्त्र्यांनी जमिनी मोजून सांगितलं, "धाकटीचा वाटा शून्य पूर्णांक तीनशे पंच्याहत्तर सहस्रांश. उरलेलं थोरलीचं."

"म्हणजे पाण्याचे हजार भाग!" राजा खूश झाला. "बंधाऱ्याला हजार भोकं पाडा. सगळी सारखी. तीनशे पंच्याहत्तर धाकटीच्या पाटात, बाकीची थोरलीच्या. तोवर दार बंद."

पाथरवट म्हणाला, रोज पाच भोकं होतील. म्हणजे दोनशे दिवस झाले. गव्हाकडे होते चार.

पाटाचं पाणी सोडायचं आणि बांधायचं काम तुळाजी पाटकऱ्याकडे होतं. त्याची लेक चिमणा शेतातून निघाली ती खांद्यावर खोरं घेऊनच दरबारात आली.

"महाराज, भोकं कशाला? माझा बा न् मी देतो की वाटून."

"आणि वाटा चुकला तर?"

"तर आमचं पाटकरीपण काढून घ्या."

शास्त्री गालात हसले. "पोरी, सहस्रांश म्हणजे काय, ठाऊक आहे का?"

"न्हाई जी. तुम्हीच सांगा. हजाराचं निम्मं किती?"

"पाचशे."

"त्याचं निम्मं?"

"अडीचशे."

"अजून एकदा निम्मं करा."

"सव्वाशे."

"असे सव्वाशे हजारात किती बसले?"

"आठ. पण त्याचं काय?"

"आता धाकटीच्या वाट्यात सव्वाशे मोजा. सावकाश मोजा, घाई न्हाई."

शास्त्र्यांनी बोटं मोजायला घेतली. "सव्वाशे... अडीचशे... पावणेचारशे." तिसऱ्या बोटावर ते थबकले. पुढं मोजायला काही उरलंच नव्हतं.

"आठातले तीन," चिमणा म्हणाली. "एवढ्याशा वाट्याला केवढं पागोटं बांधलं होतंत, बुवा!"

दरबारात खसखस पिकली. राजा मात्र हटून बसला. "बरं, हजार नकोत. आठ भोकं पाडू."

"एक बी नको, महाराज. दिवस-रात्र मिळून प्रहर किती?"

"आठ."

"मग दार उघडा. रोज तीन प्रहर सगळं पाणी धाकटीला, पाच प्रहर थोरलीला."

आता शास्त्री सावरून बसले. "आणि प्रहर सरला, हे रानात कळायचं कसं? रोज मोजणार कोण?"

"महाराज मोजतात की."

"मी?" राजा चमकला. "मी कधी मोजले?"

"प्रहराप्रहराला तुमच्या नगारखान्यात चौघडा झडतो. दोन्ही गावांत ऐकू येतो. आमची म्हातारी तर त्यावर तूर शिजत घालती. तुम्ही इतकी वर्षं पाण्याचं माप वाजवताय, महाराज, फक्त दार तेवढं उघडायचं राहिलं."

आधी राजाच्या मिशा हलल्या, मग पोट, आणि मग तो असा हसला की पागोटं मांडीवर आलं. शास्त्रीही हसले, जरा उशिरा.

"दार उघडा," राजा डोळे पुसत म्हणाला. "पुढचा चौघडा झडला की पहिली पाळी धाकटीची. आणि पोरी, तुला बक्षीस काय हवं?"

"म्हैस द्या, महाराज."

"दिली. शून्य पूर्णांक..."

"नको, नको! नुसती एक द्या. टिंबाच्या पुढची म्हैस दूध देत न्हाई."

राजाला पुन्हा हसू आवरेना. संध्याकाळी धाकट्या उंबरीच्या पाटाला पाणी खळाळत होतं, आणि तुळाजीच्या दारात म्हैस उभी होती. शिंगांपासून शेपटीपर्यंत, पुरती.