भोक न पाडता

“आणि उद्या काढायचं म्हटलं तर?” दाऊदचाचांनी विचारलं.

भरमू सकाळपासून याच प्रश्नाची वाट बघत होता. “निघतंय की, चाचा! गाडीला एक जरी भोक सापडलं, तर नाव बदलीन माझं.”

मिरजेत दाऊदचाचांच्या गॅरेजात भरमू गाड्यांचं वायरिंग शिकला होता. आता त्याला स्वतःचं दुकान थाटायचं होतं, आणि चाचांनी हो म्हटल्याशिवाय कुणी पाटी लावायची नाही, असा तिथला रिवाज. परीक्षेला चाचांनी दिली ती उज्ज्वलाअक्कांची जुनी पिकअप. अक्कांना गाडीत गाणी हवी होती. पण गाडी त्यांच्या वडिलांची. मन बदललं तर सगळं निघालं पाहिजे आणि गाडी होती तशी दिसली पाहिजे, एवढीच त्यांची अट होती.

“दाखव.”

भरमूनं सीटमागचं लाकडी खोकं थोपटलं. स्पीकर खोक्यात, खोकं पट्ट्यानं सीटला बांधलेलं, वायर रबरी मॅटखालून गेलेली. दारं शाबूत, डॅशबोर्ड शाबूत. त्यानं गाणं लावलं, तर समोरच्या टपरीतला चहावालाही मान डोलवायला लागला.

“ऐकलं,” चाचा म्हणाले. “आता काढ.”

“आत्ता?... एवढं झकास वाजतंय की.”

“काढ.”

भरमूनं पट्टा सोडला, वायर गुंडाळली, खोकं उचलून बाहेर ठेवलं. गाडी पुन्हा मुकी झाली.

चाचांनी सीटखाली वाकून पाहिलं. दाराच्या कडेवरून बोट फिरवलं. भरमूची छाती फुगत चालली होती. मनातल्या मनात पाटीचा रंगही ठरवून तो मोकळा झाला.

हौद्याच्या मागच्या फाळक्यापाशी चाचा थांबले.

फाळक्यावर लालभडक रेडियमची अक्षरं चिकटवलेली होती. ‘भरमू साउंड, मिरज’.

“हे?”

“ते होय... लोकांना कळाय नको, कुणी केलंय?”

“काढ.”

भरमूनं नखानं ‘भ’ची कड उचलली आणि ओढली. ‘भ’ निघाला. त्याच्याबरोबर अक्कांच्या वडिलांनी हौसेनं मारून घेतलेला आकाशी रंगही निघाला, आणि खालचा तांबूस पत्रा उघडा पडला. फाळक्यावर उरलं ते ‘रमू साउंड, मिरज’.

चाचा रागावले असते तरी चाललं असतं.

“काय, रमूशेठ?...” चाचा म्हणाले.

तेवढ्यात फाटक वाजलं. उज्ज्वलाअक्का आल्या होत्या. भरमू गर्रकन वळला आणि फाळक्याला पाठ लावून, हात पसरून उभा राहिला.

“झालं का, चाचा?” अक्कांनी लांबूनच विचारलं. “सगळं निघतंय ना?”

हात जोडावेत तर फाळका दिसणार, म्हणून भरमूनं नुसत्या डोळ्यांनीच चाचांना विनवलं.

चाचांनी खांद्यावरच्या फडक्याला सावकाश हात पुसले...

“सगळं निघालं, अक्का. तेवढा हा भरमू निघंना झालाय.”