कोल्ह्याच्या बिळातली ताजी माती

करवंदीच्या एका दाट जाळीत एक कोल्हा राहत असे. सशांच्या शिकारीत त्याचा हात धरणारा त्या रानात कुणी नव्हता. ससा कोणत्या वाटेने चरायला जातो, घाबरला की कुठे वळतो, दुपारी कोणत्या गवतात दबून बसतो, सगळं त्याला पाठ होतं. आणि हे तो दिवसातून दहादा सांगायचासुद्धा! एकदा काय झालं, रानाकडेच्या वस्तीवर सशाचा रस्सा शिजत होता आणि त्याचा वास नेमका या गृहस्थांच्या नाकात शिरला. झालं! कच्चं मांस त्याला गोड लागेना. "शिजवलेला ससा खाल्ल्याशिवाय मरायचं नाही," असं त्याने ठरवूनच टाकलं. वस्तीवर ससे पिंजऱ्यात पाळलेले होते. माणसं शेतात गेलेली पाहून त्याने कडी उघडली आणि एक पांढरी सशीण मानगुटीला धरून उचलून आणली.

"कोल्हेदादा, मी पोटुशी आहे हो," सशीण म्हणाली. "आठ दिवसांत माझी पिल्लं होतील. आत्ता माराल तर एकच ससा मिळेल." बिचारीला पिल्लं वाचवायची होती, दुसरं काही सुचेना. कोल्ह्याच्या तोंडाला मात्र पाणी सुटलं. त्याने तिला आपल्या बिळात कोंडलं आणि तोंडाशी दगड लावला. मग रोज कोवळं गवत आणून तो दगडाच्या फटीतून आत सारू लागला. असा नावाजलेला शिकारी, आणि आता गवत गोळा करत हिंडतोय! पिल्लं झाल्याचं कळताच त्याने लांडग्याला आमंत्रण दिलं, "महिन्याभराने जेवायला या. शिजवलेल्या सशांचा बेत आहे."

काही दिवसांनी त्या फटीतून माती बाहेर येऊ लागली. झाडावरच्या कावळ्याने ती पाहिली. "कोल्होबा, रोज ताजी माती दिसतेय. जरा आत डोकावून बघा," तो म्हणाला. कोल्हा खो खो हसला. "अरे, सशांचं तू मला शिकवतोस? ससा कधी माती उकरतो का? गवतात खळगा करून बसणारी जात ती! पिल्लांसाठी जागा सारखी करत असेल." कावळा म्हणाला, "पण ही पिंजऱ्यातली आहे ना?" "ससा तो ससाच!" कोल्हा खेकसला. आता बाळांनो, रानातला ससा बीळ खणत नाही, हे कोल्ह्याचं म्हणणं अगदी खरं होतं. पण पाळीव ससा जमीन मिळाली की खणत सुटतो. वस्तीवर पायांखाली फळ्या होत्या, म्हणून सशीण तिथे गप्प होती. इथे तिने पोटावरचे केस उपटून पिल्लांना गादी केली आणि पंजे सोलवटले तरी मागची भिंत खणायचं थांबवलं नाही.

ठरल्या दिवशी लांडगा आला. तीन दगडांची चूल पेटली होती, मडक्यात पाणी उकळत होतं, वस्तीवरून पळवलेले दोन कांदेही होते. कोल्ह्याने ऐटीत दगड बाजूला केला आणि तो आत शिरला. आत पांढऱ्या केसांची रिकामी गादी! मागच्या भिंतीत एक भोक होतं, त्यात त्याचं डोकंसुद्धा जाईना. तो नाकाला केस चिकटलेला बाहेर आला आणि पुटपुटला, "ससा खणत नाही हो... खरंच खणत नाही." लांडग्याने एकदा मडक्याकडे पाहिलं, एकदा कोल्ह्याकडे. "पाणी तर उकळलंय," तो शांतपणे म्हणाला. कोल्हा जो पळाला, तो पुन्हा त्या रानात दिसला नाही. आणि ओढ्यापलीकडच्या काटेरी झुडपांत सशीण पाच पिल्लांसाठी नवं बीळ खणत होती.

तात्पर्य : 'मला सगळं ठाऊक आहे' असं म्हणणाऱ्याला डोळ्यांसमोरचंही दिसत नाही.